एल, यू की आयलंड? आधी मागचं दार बघा

ताई, नमस्कार. पाडव्याला साने गुरुजी वसाहतीजवळ आम्ही एक जुनं बैठं घर घेतलं. स्वयंपाकघर पूर्व-पश्चिम ११ फूट, उत्तर-दक्षिण ९ फूट. पश्चिमेला हॉलमधून आत यायचं दार. समोर पूर्वेच्या भिंतीत ३ फुटांची खिडकी, पण ती डावीकडं सरकलेली. उजवीकडं ५ फूट कोरी भिंत. उत्तरेच्या भिंतीत, पूर्वेच्या कोपऱ्यापासून ३ फूट सोडून, मागचं दार. त्यातून पडवी आणि मोरी. खिडकीखाली कडाप्प्याचा जुना ओटा आणि सिंक आहे, पाणी तिथूनच भिंतीतून मागच्या चेंबरला जातं. मॉड्यूलर किचनवाल्यांनी यू आकाराचं चित्र काढून दिलंय, सोबत जोडते. ह्यांना हॉलची भिंत पाडून ओपन किचन आणि मधे आयलंड, म्हणजे चारी बाजूंनी सुटा ओटा, हवंय. सासूबाई म्हणतात, शेगडी आग्नेयेला आणि स्वयंपाक करताना तोंड पूर्वेला, बाकी तुमचं तुम्ही बघा. घरात आम्ही पाचजण. स्वयंपाक आम्ही दोघी मिळून करतो. मी ५ फूट ४ इंच, त्या ४ फूट १० इंच. मी शिक्षिका आहे, सकाळी साडेसहाला घर सोडते. कोणता आकार घेऊ? आणि ओट्याला पांढरा दगड चालेल का? दसऱ्याला राहायला जायचंय.
— नव्या घराची धाकटी मालकीण, कोल्हापूर

नव्या घराच्या धाकट्या मालकीणबाई,

तुमचं पत्र आणि सोबतचं ते रंगीत चित्र, दोन्ही दोनदा बघितलं. चित्र झकास आहे. पांढरीशुभ्र कपाटं, ओट्यावर फुलदाणी, काचेच्या वाडग्यात पिवळी लिंबं, आणि कुकर कुठंच नाही. पण मला खटकलं ते वेगळंच. तुमच्या पत्रात उत्तरेच्या भिंतीला मागचं दार आहे आणि चित्रात ते नाही. यूची डावी बाजू बसवायची म्हणून त्यांनी ते बुजवून टाकलंय. तुम्हाला कुणी विचारलं होतं का? मला नाही वाटत.

तेव्हा पहिलं उत्तर इथंच देऊन टाकते. यू बाद. यू आकार वाईट असतो म्हणून नव्हे. मोठ्या, एकाच दाराच्या खोलीत तो फार सोयीचा. पण तुमच्या घरात त्याची किंमत म्हणजे ते मागचं दार, आणि हे दार या घराची निम्मी सोय आहे. घासायची भांडी त्या दारानं बाहेर जाणार. ओला कचरा हॉलमधून न फिरवता त्याच दारानं निघणार. भाजीची पेंडी घेऊन सासूबाई पडवीत निवडायला बसणार. आणि रविवार आहेच. कोल्हापुरात मटण म्हणजे काही एक पातेलं नसतं. आधी अळणी शिजवायचं, मग त्याच्यातून पांढरा, तांबडा आणि सुकं असं तीन ठिकाणी वाटायचं. मोठी पातेली, खोबरं-कांदा भाजल्याचा धूर, वाटणाचं मिक्सरचं भांडं तीनदा धुवायचं. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायची तेव्हा तर मिरची तव्यावर पडली की गल्लीतला माणूस ठसकतो. हे सगळं पडवीत होऊ शकतं, दार असलं तर. तिथं एक छोटा कट्टा बांधून घ्या, जादाची शेगडी ठेवायला. आतल्या चिमणीचं आयुष्य त्यानं वाढेल, आणि तुमचंही.

आता आयलंड. ह्यांना वाईट वाटेल, पण हिशेब करून बघू. ९ फूट रुंदीतून भिंतीकडचा ओटा २ फूट गेला, आयलंड किमान २ फूट. उरले ५. ते दोन्ही बाजूंना वाटले तर अडीच-अडीच फूट. ट्रॉली उघडली की ती बाहेर येते जवळजवळ पावणेदोन फूट. म्हणजे तुम्ही ट्रॉली उघडलीत की सासूबाई जागच्या जागी कैद. आयलंडभोवती साडेतीन फूट तरी मोकळी वाट लागते, आणि या ९ फुटांत ती दोन्ही बाजूंना निघत नाही. राहिली हॉलची भिंत. जुन्या बैठ्या घरांत छताचा भार बऱ्याचदा विटांच्या भिंतींवरच असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरनं येऊन बघितल्याशिवाय त्या भिंतीला छिन्नीसुद्धा लावू देऊ नका. मिस्त्री म्हणेल, ‘काही होत नाही ओ वहिनी.’ त्याचं ऐकू नका. इंजिनिअर हो म्हणाला तर भिंतीत तीनेक फुटांची, सरकत्या काचेची खिडकी पाडून घ्या, वर लिंटेल, म्हणजे भार पेलणारी आडवी तुळई, टाकून. चहाचा ट्रे त्यातून सरकेल, टीव्हीचा आवाज आत येईल, आणि फोडणी टाकताना काच ओढून घेता येईल. नाहीतर नव्या सोफ्याला बारा महिने तांबड्याचा वास. ह्यांनी हौसेनं ओपन किचन मागितलंय, तर त्या खिडकीपलीकडून भांडी उचलून द्यायचं काम त्यांच्याकडं द्या.

आकाराचं अक्षर कुठलं, यावर मी मुद्दामच उशिरा येतेय. आधी पाणी कुठून जातं ते ठरतं, मग धूर कुठून जातो ते, मग हात कुठं फिरतात ते. हे तिन्ही ठरलं की अक्षर आपोआप उमटतं. मी स्वतः हे उलटं केलं होतं. आमच्या घराचं काम काढलं तेव्हा मला खिडकीखाली शेगडी आणि समोरच्या भिंतीला सिंक हवं होतं. का, तर एका दुकानात तसं मांडलेलं बघितलं होतं. सिंक जुन्या जागेपासून ८ फूट सरकलं. सांडपाण्याच्या पाइपाला फुटामागं पाव इंच तरी उतार लागतो, म्हणजे ८ फुटांना २ इंच. तो द्यायचा तर फरशी उचलायला हवी होती. ते राहिलं, आणि पाइप जवळजवळ सपाट बसला. मग तांदळाचं धुवण, आमटीचं तेल, पिठाचा चिकट गोळा, सगळं मधेच थांबायला लागलं. दर दोन महिन्यांनी प्लंबर. वर खिडकीतल्या वाऱ्यानं शेगडी विझायची ती वेगळीच. शेवटी चार वर्षांनी सगळं उखडून सिंक खिडकीखाली आलं. त्या दिवशी माझ्या सासूबाईंनी नुसतं माझ्याकडं बघितलं. काही बोलल्या नाहीत, हे विशेष.

म्हणून तुमचं सिंक आहे तिथंच, खिडकीखाली, डाव्या हाताला. पाइपाचा वळसा नाही, चेंबर पाठीलाच. उजेडात भांडी स्वच्छ दिसतात आणि ओली जागा वाऱ्यानं वाळते. मागच्या दारापासून ते दोन पावलांवर आहे, त्यामुळं घासायची भांडी आणि धुतलेली भांडी यांची ये-जा खोली ओलांडून होणार नाही.

शेगडी त्याच पूर्वेच्या भिंतीला, उजवीकडच्या ५ फूट कोऱ्या भागावर. आता गंमत बघा. हा कोपरा आग्नेय, उभं राहणाऱ्याचं तोंड पूर्वेला, आणि सिंक ईशान्येला. सासूबाईंचं सगळं मागणं पुरं झालं, एकही वीट न हलवता. मी वास्तुशास्त्रवाली नाही, पण शेगडी इथंच का, याची माझी कारणं वेगळी आहेत आणि ती सासूबाईंच्या कारणांशी भांडत नाहीत. मागं कोरी भिंत असल्यानं ज्योत वाऱ्याला लागत नाही, पडदा पेटायची भीती नाही. भिंत बाहेरची असल्यानं चिमणीचा पाइप फूटभरात सरळ बाहेर पडतो. पाइपाला जितकी वळणं जास्त तितकी चिमणीची ओढ कमी, हे विकणारा सांगत नाही. आणि आपल्याकडचा पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, पूर्वेच्या भिंतीवर त्यामानानं कमी. चिमणीच्या तोंडातून पाणी आत यायचा धोका तिथं सगळ्यात कमी. तरी तोंडावर टोपी बसवाच.

एक काळजी घ्या. शेगडी अगदी कोपऱ्यात दामटू नका. तीन बर्नरची शेगडी अडीच फूट रुंद धरा आणि तिच्या उजव्या कडेपासून दक्षिणेच्या भिंतीपर्यंत २ फूट सोडा. कोपऱ्यात दाबलेल्या शेगडीवर उजवा हात सतत भिंतीला किंवा दुसऱ्या ओट्याला आपटतो, आणि कढईचा कान बाहेर काढून ठेवायची सवय लागते, जी वाईट. हा हिशेब केला की सिंक आणि शेगडी यांच्यामध्येही २ फूट ओटा उरतो. धुतलेली भाजी, पातेल्याचं झाकण, उतरवलेला कुकर, यांना एवढी जागा लागतेच.

मग कापणं, मळणं, थापणं यासाठी ओटा उजवीकडं वळवा, दक्षिणेच्या भिंतीनं. कोपऱ्यापासून साधारण ८ फुटांवर तो संपवा. उरलेल्या ३ फुटांत, हॉलच्या दाराशी, फ्रीज. घरातलं कुणी पाणी घ्यायला आलं तर ते दारातूनच परत जाईल, तुमच्या पायात येणार नाही. झालं, हा तुमचा एल. उत्तरेच्या भिंतीला दाराच्या पलीकडं जो तुकडा उरतो तिथं ओटा नको. नुसती १ फूट खोलीची, जमिनीपासून वरपर्यंत मांडणी करा, डब्यांसाठी. एकामागं एक तीन डबे ठेवायची सोय असली की मागचा डबा गौरी-गणपतीलाच सापडतो. फूटभर खोलीत एकच रांग बसते. चटणीची बरणीही तिथंच, शेगडीच्या उष्णतेपासून लांब. मधे ६ फूट मोकळी फरशी राहते. पाट टाकून दोघं जेवतील, पापड लाटायला चौघी बसतील.

तुमच्या खोलीचं आणखी एक नातं निघतं, ते सांगण्याचा मोह आवरत नाही. १९२६ मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. आजच्या मॉड्यूलर किचनचं ते मूळ मानलं जातं. लांबीला ते जवळपास तुमच्याएवढंच, सव्वाअकरा फूट, आणि रुंदीला जेमतेम सव्वासहा. पावलं मोजून, हाताची पोच मोजून बसवलेलं. उतारवयात बाईंनी सांगून टाकलं होतं की हे काम करेपर्यंत मी कधी स्वयंपाकच केला नव्हता! पुढं १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात सिंक, शेगडी आणि फ्रीज यांचा त्रिकोण मांडला गेला. तिन्ही बाजू मिळून २६ फुटांच्या आत असाव्यात असा नियम पडला. तुमची बेरीज येते साधारण २२. पण हे दोन्ही हिशेब एकटीनं राबणाऱ्या बाईसाठी केलेले आहेत. तुम्ही दोघी आहात. सकाळी सहाला एकीच्या हातात डब्याची पोळी आणि दुसरीच्या हातात चहाचं पातेलं असतं. एलमध्ये दोघी दोन भिंतींना तोंड करून उभ्या राहतात, पाठीला पाठ लागत नाही. समोरासमोर दोन ओटे घेतले असते तर मधल्या वाटेत तुम्ही दिवसातून वीसदा ‘सरका जरा’ म्हणाला असता.

आता उंची. सगळे आकारावर भांडतात आणि कंबर मोडते ती उंचीनं. दुकानवाले सरसकट ३४ इंच देतात. साधा नियम असा, की कोपरापासून ४ ते ६ इंच खाली ओटा असावा. तुमच्यात आणि सासूबाईंत अर्ध्या फुटाचं अंतर आहे, म्हणजे एकच उंची दोघींनाही लागू पडणार नाही. त्यातून भाकरी ही वेगळीच गोष्ट. पोळी लाटायला मनगट पुरतं. भाकरी थापताना खांद्यातून वजन तळव्यात यावं लागतं, परातीचा काठ आणखी तीन इंच वर असतो, आणि ओटा उंच असला की हात कोपरात दुमडून नुसता चापट मारत राहतो. भाकरी कडेला जाड राहते, तव्यावर फुगत नाही, आणि दोष जातो पिठाला. म्हणून पूर्वेचा ओटा, सिंक-शेगडीचा, ३३ इंच ठेवा. दक्षिणेच्या ओट्याचा फ्रीजकडचा अडीच-तीन फुटांचा तुकडा खाली उतरवा, २९ किंवा ३० इंचांवर. त्याखाली कपाट नको, मोकळंच सोडा, म्हणजे सासूबाईंना स्टूल ओढून पाय आत घालून बसता येईल. ठरवण्याआधी एक करा. एखाद्या टेबलाखाली विटा लावून ही उंची तयार करा आणि सासूबाईंना त्यावर खरोखरच दोन भाकरी थापायला लावा. इंच त्या सांगतील.

लाकडाचं काम मात्र आत्ता नको. घर तुम्ही उन्हाळ्यात घेतलंय, त्याचा एकही पावसाळा बघितलेला नाही. दक्षिणेची भिंत आषाढात काय रंग दाखवते ते कळायचं आहे. ओल येणाऱ्या भिंतीवर कपाटं ठोकली की वर्षाच्या आत मागून काळी बुरशी धरते, आणि ती दिसते तेव्हा रव्याला वास लागलेला असतो. तर आत्ता तोडफोड, पाइप, वायरिंग, टाइल आणि ओट्याचा सांगाडा एवढं उरकून घ्या. कपाटं गणपतीनंतर. तोवर भिंतीनं आपला स्वभाव दाखवलेला असेल. ओल आली तर आधी बाहेरून बंदोबस्त. दसरा गाठायला तेवढे दिवस पुरतात, सुताराला मापं आधी देऊन ठेवलीत तर. कारखान्यातून कपाटं येणार असतील तर ऑर्डर आधी द्या, बसवणं नंतर.

सिंकखाली लाकूड नकोच. कडाप्प्याचे उभे खांब आणि जाळीचं दार पुरे. बाकी ठिकाणी प्लाय घेणार असाल तर त्यावर आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या, तो मरीन प्लाय. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या, दिसायला गुळगुळीत आणि खिशाला हलके, पण पाणी प्यायले की पावासारखे फुगतात. शाहूपुरीत राहणाऱ्या माझ्या चुलतबहिणीच्या स्वयंपाकघरात २०१९ ला पुराचं पाणी आलं तेव्हा नव्या ट्रॉल्यांची दारं उघडेचनात, तोडून काढावी लागली. शेजारच्या खोलीतली आजीची कडाप्प्याची मांडणी धुऊन पुसून परत वापरात आली. तुमच्याकडं पूर येत नसेल, पण सिंकचा पाइप कधीतरी गळतोच.

गॅसचं थोडक्यात. सिलिंडर कपाटात ठेवणार असाल तर त्या दाराला खाली, जमिनीलगत जाळी हवी, वर असून उपयोग नाही. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो. रबरी नळी भिंतीतून आरपार नेऊ नका आणि पाच वर्षांनी बदलाच. पडवीतल्या शेगडीची जोडणी एजन्सीच्या माणसाकडूनच. विजेचे पॉइंट टाइल लावायच्या आधी भिंतीवर खडूनं काढा: मिक्सर, ओव्हन, फ्रीज, पाण्याचं फिल्टर, उद्या येणारी इंडक्शन. ओव्हन आणि इंडक्शनला १६ अँपिअरचे वेगळे पॉइंट. सिंकच्या वर आणि शेगडीच्या मागं बोर्ड नको.

पांढरा दगड? घरात हळद वापरत नसाल तर जरूर घ्या. नाहीतर काळा ग्रॅनाइट, आणि कडेला खालून एक बारीक खाच मारून घ्या. ओट्यावरून ओघळलेलं पाणी त्या खाचेशी थेंबाथेंबानं खाली पडतं, आत कपाटात शिरत नाही. मिस्त्रीला आधी सांगावं लागतं, नंतर तो म्हणतो, आता नाही होत.

आणि मॉड्यूलरवाल्यांना आगाऊ रक्कम द्यायच्या आधी एका रविवारी तिघंही त्या रिकाम्या खोलीत जा. फरशीवर खडूनं माझा एल काढा, दुसऱ्या रंगानं ह्यांचं आयलंड. सिंकच्या जागी बादली ठेवा, शेगडीच्या जागी तुमचा स्टोव्ह, फ्रीजच्या जागी एक खुर्ची. मग चहा करा, खराखुरा. दूध खुर्चीवरून उचलायचं, पाणी बादलीतून. ह्यांना आयलंडच्या चौकोनात मधोमध उभं करा आणि सासूबाईंना म्हणा, भरलेलं पातेलं घेऊन मागच्या दारानं पडवीत जा बघू.